चांगुणाकाकी मांडवात का थांबली

आमच्या कोळीवाड्यात कोणी हाती घेतलेलं काम अर्ध्यात टाकून उठलं, की त्याला आजही विचारतात, "काय रं, चांगुणा झाली काय?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना ही चांगुणा कोण ते ठाऊक नसतं. माझा नातू न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला आहे. परवा त्याचा मुलगा ताटात भाकरी टाकून उठला तेव्हा नातवाने त्याला हेच विचारलं. मी म्हटलं, "चांगुणा म्हणजे माझी मोठी काकी." तो म्हणाला, "हो का?" आणि हात धुवायला गेला. काकी भर मांडवात थांबली, हे खरं आहे. वय झालं म्हणून ती गाणं विसरली, असं जे पुढे ठरलं ते खरं नाही. ती का थांबली हे ठाऊक असणारा आता मी एकटाच उरलो आहे, आणि माझ्यानंतर कोणी सांगेल अशी सोय मी कधी केली नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

आमचं घर काशीदच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी होतं. घर एक, चुली दोन. उगवतीकडच्या भागात आम्ही आणि मावळतीकडच्या भागात मोठा काका नि चांगुणाकाकी. मधली भिंत कुडाची असल्यामुळे तिकडे फोडणीत लसूण पडली की इकडे कळत असे. बाबा तांडेल, मचव्याचे म्होरके होते. मचव्यावर बोलायचं तेवढं बोलून झालेलं असल्यामुळे घरात गप्प असत. मोठ्या काकाचे पाय संधिवाताने गेले होते. तो पडवीत बसून जाळी विणायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायचा, दोन्ही कामं सारख्याच सफाईने. काकी उंच, हाडापेराने मोठी, आवाज मात्र बारीक आणि सरळ. बोंबील वाळत घालताना, दोरीवर एकाच्या तोंडात दुसरा अडकवताना, तिचे हात बघत राहावेसे वाटत. पण वाड्यात तिला मान होता तो धवलारीण म्हणून. आमच्या लग्नांत धवले म्हणणारी बाई असे आणि तिच्या गाण्याशिवाय लग्नाचं पान हलत नसे. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला वेगळा. देवांना, पितरांना, दर्याला गाण्यातून बोलवायचं ते तिनेच. तिने बोलावलं की ते आले, असं धरायचं.

आणि धवला मांडवाबाहेर म्हणायचा नाही. काम करता करता, मूल झोपवताना, सहज म्हणून, कशालाच नाही. मांडव नसताना बोलावलेला देव येतो आणि त्याला बसायला जागा नसते, असं काकी म्हणायची. त्यामुळे त्याचे शब्द मी इथेही लिहीत नाही. आता मांडव आहे कुठे?

बाजा आणला माझ्या मामाने. तो आगबोटीवर खलाशी होता आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये आमच्याकडे टेकायचा. एकदा त्याच्या ट्रंकेतून, लोकरीच्या गंजिफ्रॉकात गुंडाळलेली, सहा कोनांची एक छोटी पेटी निघाली. मध्ये कातडी भाता, दोन्ही बाजूंना हाडाची बटणं, हात अडकवायला पट्टे. एका गोऱ्या खलाशाने ती त्याला दिली होती. बदल्यात काय घेतलं ते मामाने शेवटपर्यंत सांगितलं नाही. नाव काहीतरी इंग्रजी होतं, ते त्याच्या तोंडात दर वेळी बदले. आम्ही तिला बाजाच म्हणू लागलो. मामा म्हणाला, "मला येत न्हाय. तुला आला तर वाजव, न्हायतर बोंबलावरच्या माशा हाकल." आईने बाजा दमट हवेत खराब होऊ नये म्हणून तांदळाच्या पिंपात ठेवला आणि पुढे कित्येक दिवस भाताला तंबाखूचा वास येतो म्हणून मलाच बोलली.

त्या बाजाची एक खोड होती, ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. म्हणजे बोट जागचं न हलवता सूर बदलतो, आणि तोच सूर धरून ठेवायचा तर भाता संपतो. शिकवणारा कोणी नव्हता. आपल्याला हवी ती चाल वाजवू म्हणणाऱ्याला तो दाद देत नसे. त्याच्यात बसेल ती चाल आपण शोधायची. त्या पावसाळ्यात मचवे वर ओढलेले, शाळा सुटलेली, मिसरूड अजून फुटायचं होतं. मी चाली शोधत बसलो.

पहिल्यांदा देवळातलं भजन घेतलं. भजनात बुवा एका सुरावर इतका वेळ बसतो की माझा भाता मिटून जाई आणि विठ्ठलाचं नाव मध्येच तुटे. काका पडवीतून म्हणे, "देवाला दमा लागला रं." मग वाण्याच्या दुकानात ग्रामोफोनवर वाजे ते नाटकातलं पद. त्यातले सूर इतक्या लांब लांब उड्या मारत की बोटं एकमेकांत अडकत. मग जाळं ओढताना म्हणतात ती आरोळी. ती मात्र दिवसाच्या आत आली. तिच्यात दोनच सूर, एक ओढताना, एक सैल सोडताना. बाजाही तसाच, ओढा आणि सोडा. पण ती वाजवली की बाबा आतून म्हणत, "पावसाळ्यात तरी हात सुटू दे." आणि खरं म्हणजे ती ऐकायला कोणी थांबतही नसे.

धवल्यावर मी असाच बोटं फिरवता फिरवता आलो. देवांना बोलावण्याचा जो धवला, त्याची चाल चार-पाच सुरांत फिरते. ते सूर माझ्या उजव्या हाताच्या बोटांखाली ओळीने होते. ओळी आखूड, काकीच्या श्वासाएवढ्या, आणि तो श्वास भात्याएवढाच होता. जणू बाजा त्यासाठीच केला होता. मी पहिल्या दोन ओळी वाजवल्या आणि कुडापलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

काकी दारात आली. हाताला पीठ होतं. "काय वाजवतंस?"

"काय न्हाय."

"काय न्हाय कसं? मी काय भैरी हाय?"

काका जाळ्यावरून नजर न उचलता म्हणाला, "शब्द हायेत काय त्याला? न्हाईत. मग कसला धवला? बिनआमंत्रणाचा देव कसा येल?"

काकीला हे पटलं की तिने पटवून घेतलं, ते सांगता येत नाही. ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "फुडं वाजव बघू." मी वाजवलं. तिसऱ्या ओळीत जिथे पितरांना बोलावतात तिथे तिने हात वर केला. "इथं खाली ये." मी खालचं बटण दाबलं. "इतकं न्हाय." वरचं दाबलं. "हे मघाचंच." मग तिने तोंड मिटून, शब्द न उच्चारता, तो सूर नुसता गुणगुणून दाखवला. दोन बटणांच्या बरोबर मधला होता. मी दाबून बघितलं, ओढून बघितलं, दोन्ही बटणं एकदम दाबली तेव्हा तर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं झालं आणि आम्ही तिघेही हसलो. काकीने बाजा हातात घेतला, बटणं चाचपली, परत दिला. "याला मधलं घर न्हाय," ती म्हणाली. "मग ती ओळ सोड. तेवढीच सोड. तिथं गप बस, फुडची धर."

आणि मग म्हणाली, "थांब, तुला दुसरी देतंय." तिने तिच्या आईची एक जात्यावरची चाल म्हणून दाखवली. "ही बसल तुझ्या पेटीत. हिला मधलं घर लागत न्हाय." मी एकदा वाजवली, खरंच बसली. पण ती मला बायकांची, दळणाची वाटली. धवला वाजवला की रस्त्याने जाणारा थांबतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. जात्यासाठी कोण थांबतं? मी ती चाल पुन्हा वाजवली नाही. काकीशिवाय ती कोणाला येत नव्हती, आणि आज मला तिचा पहिला सूरही आठवत नाही. पुष्कळदा प्रयत्न केला आहे.

ओळही मी सोडली नाही. मधोमध गप्प बसलं की ऐकणाऱ्यांना वाटे मला येत नाही. "अडलास?" असं पोरं विचारत. म्हणून मी तिथे वरचं बटण दाबू लागलो. ते उजळ वाजे. खरं सांगायचं तर मूळ चालीपेक्षा ते मला गोड वाटे, आणि इतरांनाही. पावसाची झड असली की आमच्या पडवीत बायका सुकट निवडायला, पुरुष जाळी सांधायला बसत. वालाचं बिरडं शिजत असे, कोणीतरी माडी आणलेली असे, आणि मी धवला वाजवत असे. काकी त्या वेळी आत असे. पहिल्या वेळी वरचं बटण ऐकून ती दारापर्यंत आली, माझ्याकडे बघितलं, आणि इतकी माणसं बसलेली बघून परत गेली. रोज ऐकून ती चाल सगळ्यांच्या कानात बसली. शेजारच्या घरातली यमुनावहिनी, काकीच्या मागे धवल्याची ओळ धरायची ती, सुकट निवडताना शब्दांशिवाय माझ्याबरोबर गुणगुणत असे. तिचा गळा चांगला होता. ती काकीला मानत असे, काकीच्या हाताखालीच शिकली होती. तिच्या मनात काही नव्हतं, हेही इथे नोंदवतो.

पावसाळा सरला, मचवे पाण्यात गेले, आणि लग्नाच्या दिवसांत पहिलंच लग्न निघालं ते वाड्याच्या पाटलाच्या मुलीचं. पाटील दांडगा, बोलका, नव्या वस्तूंचा शौकीन माणूस. मुलाकडची मंडळी आली की बाजा वाजला पाहिजे, असं तो स्वतः घरी येऊन सांगून गेला. मी नवं धोतर नेसून, बाजा मांडीवर घेऊन, दुपारपासून मांडवाच्या खांबापाशी बसलो होतो. तांदळाच्या वड्यांचा घाणा चालू होता आणि त्या वासाने पोरं चुलाण्यापाशी घोटाळत होती. मांडवाच्या मध्यभागी बायका हळकुंडं कांडायला बसल्या होत्या. मुसळाला आंब्याची पानं बांधलेली. काकी पाटावर, मागे यमुनावहिनी आणि वाड्यातल्या चारदोन जणी.

काकीने देवांना बोलावायला सुरुवात केली. एक ओळ तिची, तीच ओळ मागच्यांची, आणि प्रत्येक ओळीला मुसळाचा घाव. पहिल्या दोन ओळी गेल्या. तिसऱ्या ओळीत काकी पितरांच्या नावाला खाली आली, त्या मधल्या घरात. मागच्या जणींनी तीच ओळ माझ्या बटणाने म्हटली.

मला ते लगेच कळलं. मांडवात तेव्हा ते कळलेले आम्ही दोघेच होतो, काकी आणि मी. काकीने ओळ पुन्हा घेतली, जरा ठासून. मागून पुन्हा तसंच आलं, जास्तच मोकळ्या गळ्याने, कारण त्यांना वाटलं काकीचा आवाज बसतोय आणि तिला आधार द्यायला हवा. काकी मागे वळली. "यमुने, खाली ये."

"खालीच हाय की काकी."

"न्हायस. पितरांना वरून हाक मारतंस काय?"

काकीने तिसऱ्यांदा ओळ घेतली, अर्धी म्हटली, आणि मागून काय येणार ते मनात ऐकून की काय, थांबली. मुसळ थांबलं. वडे तळण्याचा आवाज तेवढा राहिला. धवलारीण अडली असं आमच्यात कोणी कधी पाहिलं नव्हतं. पाटलाची म्हातारी आई भिंतीशी बसली होती, ती म्हणाली, "बोलावलं नि दारात उभं केलं गं. आत घ्या त्यांना कोणीतरी." पाटलीण रडायला लागली. यमुनावहिनी गोंधळून गेली होती. ती म्हणाली, "काकी, आमी बरोबर म्हणतोय गं. गोइंदाच्या बाजात बी असंच हाय."

मग पाटील पुढे आला. त्याला हे लवकर मिटवायचं होतं आणि त्याला उपाय सुचल्याचा आनंदही झाला होता. "भांडता कशाला? बाजा बसलाय ना हितं? त्यालाच विचारा. इलायती वस्तू हाय, तिला ना काकीची ओढ, ना यमुनेची. वाजव रं गोइंदा ती ओळ."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. काकीही वळली, ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, बोटांकडे बघत होती. मी सांगायचं होतं ते इतकंच, की या बाजाला तो सूर येत नाही. त्यात कोणाची नाचक्की नव्हती, फक्त बाजाची होती, आणि त्या दिवशी बाजा म्हणजे मी होतो. मुलाकडची मंडळी यायची होती, नवं धोतर नेसलं होतं. मी ती ओळ वाजवली, वरच्या बटणाने, रोजच्यासारखी. भाता छान भरलेला होता. सूर अगदी स्वच्छ लागला.

"झालं," पाटील म्हणाला. "बाजा कशाला खोटं बोलल?"

काकी पाटावरून उठली. "म्हण यमुने तू," ती म्हणाली आणि वडे तळत होते तिकडे गेली. तिथे तिने झारा हातात घेतला. मुसळ पुन्हा पडू लागलं, यमुनावहिनीने पितरांना वरून हाक मारली, आणि मांडवातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. संध्याकाळी मुलाकडची मंडळी आली तेव्हा मी पुष्कळ वेळ वाजवलं. माझं कौतुक झालं.

त्या मुलीचं पुढे सगळं चांगलं झालं. घर भरलं, नातवंडं बघितली. म्हणजे पितरांनी काही मनावर घेतलं नसावं. पण पुढच्या लग्नाचं बोलावणं आलं ते काकीला पाहुणी म्हणून, आणि यमुनावहिनीला धवलारीण म्हणून. काकीचं वय झालं, ती ओळी विसरते, असं बोललं जाऊ लागलं, आधी हळहळून, मग सहज, मग गमतीने. तेव्हा तिचे केसही पांढरे झाले नव्हते. तिने कोणाला काही समजावलं नाही. मांडवात ती जायची, जेवायची, हळद लावायची, आणि तिसऱ्या ओळीच्या वेळी काही ना काही काम काढून बाहेर असायची. मोठा काका जाळं विणता विणता एकदाच मला म्हणाला, "काय रं, तुझ्या बाजानं दुसरा कुठला निवाडा केला की न्हाय?" पुढे त्याने मला टोमणा मारणंच सोडलं. मला ते फार दिवस ध्यानात आलं नाही.

एकदा मी बोलायला गेलो होतो. काकी खळ्यात जवळा वाळत घालत होती. मी म्हटलं, "काकी, त्या दिवशी मांडवात..." ती म्हणाली, "तो कोपरा हलव, एका अंगानंच वाळलाय." मी कोपरा हलवला. मग दुसरा हलवला. सगळा जवळा हलवून झाला तरी तिने मान वर केली नाही. म्हणजे हा विषय संपला, असं मी तेव्हा सोयीने समजलो. मी पुन्हा बोललो असतो तर तिने ऐकलं नसतं, असं मला वाटत नाही. पुढे मी मुंबईला गोदीत लागलो. ती गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं.

आता हळदीला मोठाले कर्णे लावतात. कॅसेटवरही तो धवला मिळतो, मांडवात आणि मांडवाबाहेरही. तिसऱ्या ओळीत प्रत्येक कॅसेटवर माझं बटण आहे. कोणी गाणारी खाली येत नाही, कारण खाली यायचं असतं हे ठाऊक असलेल्या बाईला आम्ही वडे तळायला पाठवलं.

बाजा अजून आहे. भात्याला सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं आहे, दोन बटणं मुकी झाली आहेत. ती दोन्ही मला नकोच असतात. दुपारी जेवणं झाली की मी पडवीत बसून धवला वाजवतो, शब्दांशिवाय. तिसरी ओळ आली की बोटं उचलतो. भाता तेवढा उघडतो, मिटतो, नुसती हवा जाते. मग चौथी ओळ धरतो. काल नातसुनेकडे कोणी बाई आल्या होत्या. मी थांबलो तशा त्या दाराशी येऊन बघू लागल्या. नातसून त्यांना हळूच म्हणाली, "रोज याच जागी विसरतात हो. वय झालं." मी चौथी ओळ धरली.